हिरव्या सोंगट्या कुणाच्या?

2020 सालची अनंत चतुर्दशी 1 सप्टेंबरला होती. कोरोनाचं वर्ष. ढोल नाही, मिरवणूक नाही. तोंडाला मास्क लावून बाप्पांना निरोप दिला आणि पेण शहर दमून झोपलं. दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने 118 ॲपवर बंदी घातली आणि पबजीचंही विसर्जन झालं. पहिल्या विसर्जनाला आमच्या घरात कुणी रडलं नव्हतं. दुसऱ्याला चिरंजीव जेवले नाहीत.

चिरंजीव तेव्हा सातवीत होते. आमच्या घराला लागून गणपतीचा कारखाना आहे. पेणमध्ये हे वाक्य पत्ता म्हणून कुचकामी. इथे ज्याच्या घराला लागून कारखाना नाही, त्याच्या घरातच असतो. सीझनला तिथली पोरं रात्ररात्र जागून घासकाम, रंगकाम करतात आणि जेवणाच्या सुट्टीत ओळीने मांडलेल्या मूर्तींमागे बसून कुठल्याशा बेटावर पॅराशूटने उतरतात. हाताला शाडू, हाताचे ठसे स्क्रीनवर, त्यामुळे समोरचा शत्रू दिसत नाही आणि शिव्या मात्र नेटवर्कला. त्यांच्या चौघांच्या टोळीत एक जागा रिकामी असे, कारण आखणीवाला, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणारा, कामाच्या दिवसांत असल्या खेळाला हात लावत नाही. त्याचा हात थरथरला तर वर्षभर कुणाच्या तरी देव्हाऱ्यात आठवण राहील. त्या रिकाम्या जागेवर आमचे चिरंजीव.

विसर्जन करताना आपण 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतो. बाप्पा ते मनावर घेत नाहीत, पंचांगाप्रमाणेच येतात. पबजीने मात्र घेतलं. 2021 ची गणेश चतुर्थी 10 सप्टेंबरला, आणि हा गेम बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया असं नवं नाव लावून 2 जुलैलाच दारात. जुलै 2022 मध्ये स्टोअरवरून पुन्हा गायब, मे 2023 मध्ये पुन्हा हजर. एवढी ये-जा पाहून सासूबाईंनी एकदा गंभीरपणे विचारलं, "कुणाची माहेरवाशीण गं ही?"

मधल्या बंदीच्या काळात पोरं स्वस्थ बसली असतील, असं मानायला मी काही पेणमध्ये कालच आले नाही. कुणीतरी त्याच गेमची कोरियातली आवृत्ती आणली. आणली म्हणजे कोरियाला कुणी गेलं नाही. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एक एपीके फाइल फिरत फिरत कारखान्यात आली आणि तिथून आमच्या घरात येऊ पाहत होती. मी एका कार्यालयात हिशेब तपासते. कोण काय मागतंय यापेक्षा का मागतंय, हे बघायची तिथे सवय लागते. ही फाइल मागत होती कॉन्टॅक्ट, फोटो, माइक आणि एसएमएस.

"बेटावर बंदूक चालवायला याला माझे एसएमएस कशाला हवेत?" मी विचारलं.

"आई, सगळेच गेम मागतात."

"मागू देत. माझ्या फोनवर एसएमएसने काय येतं? बँकेचे ओटीपी. म्हणजे हा शत्रूला मारता मारता माझे ओटीपी वाचणार."

चिरंजीवांनी 'हिला गेममधलं काही कळत नाही' असा चेहरा केला. ते खरंच आहे. पण व्हाउचरमधलं कळतं. अधिकृत स्टोअरवरचं प्रत्येक ॲप धुतल्या तांदळासारखं असतं असं नाही. निदान दुकानदार कोण ते माहीत असतं. ग्रुपवरून आलेल्या फाइलच्या पोटात मूळ गेम किती आणि मागाहून भरलेलं किती, हे तिचा कर्ताच जाणे.

माझं सासर पेण आणि माहेर रोहा. वेळापत्रकात या दोहोंमध्ये कासू, नागोठणे आणि निडी अशी स्टेशनं आहेत. प्रत्यक्षात ती चौकशीची स्टेशनं आहेत. दिवा-रोहा गाडीत पेणला खिडकी मिळवून बसलं, की समोरच्या बाई 'रोह्याला का?' म्हणून सुरुवात करतात. कासू येईपर्यंत त्यांना तुमचं माहेर, सासर आणि दोन्हीकडची आडनावं कळलेली असतात. नागोठण्यापर्यंत नवऱ्याची नोकरी, ती धाटावच्या एमआयडीसीत की पनवेलला, कायम की कंत्राटी. निडीला मुलाचे दहावीचे टक्के. आणि गाडी रोह्याला लागता लागता त्या विजयाने म्हणतात, "म्हणजे तुम्ही आमच्या नणंदेच्या जावेच्या शेजारच्या!" अनोळखी माणूस ही वस्तू आमच्या भागात टिकतच नाही. कासूच्या पुढे ती गेलेली कुणी पाहिलेली नाही.

अशा मुलखात पासवर्ड विसरल्यावर एखादं संकेतस्थळ विश्वासाने विचारतं, 'तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय?' रोह्यात हे माहीत नसलेला माणूस हवा असेल तर तो बाहेरून मागवावा लागेल. 'तुमची पहिली शाळा कुठली?' अख्खी आळी गेली तीच. 'पाळीव प्राण्याचं नाव?' मोती, आळीतल्या बाकीच्या कुत्र्यांचंही तेच. हे प्रश्न ज्याने काढले, त्याने दिवा-रोहा गाडीने एकदाही प्रवास केला नसणार. म्हणून मी आमच्या घरासाठी नियम काढला, की या प्रश्नांची उत्तरं खोटी द्यायची. आईचं माहेर 'वांग्याचं भरीत' आणि पहिली शाळा 'मंगळ'. लक्षात राहील अशी थाप मारायची, एवढंच.

पासवर्डची गोष्ट याहून वाईट होती. चिरंजीवांचा पासवर्ड म्हणजे स्वतःचं नाव आणि पुढे 18, कारण विराट कोहलीच्या जर्सीवर 18 आहे. आमच्या यांचा, म्हणजे नवऱ्याचा, पासवर्ड सगळीकडे एकच: ईमेलला तो, विजेच्या बिलाला तो, आणि चिरंजीवांनी यांच्या नावाने उघडलेल्या गेमच्या खात्यालाही तोच. विसरायला नको म्हणून तो कालनिर्णयच्या मागे, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेला. डिसेंबर संपला की कालनिर्णय रद्दीत, आणि त्याच्याबरोबर घरातल्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या किलोच्या भावाने. रोह्याच्या ग्रामदैवताला, धावीर महाराजांना, पोलीस सशस्त्र मानवंदना देतात. साक्षात देव, तरी त्यांच्या पालखीला बंदोबस्त असतो. आमच्या ईमेलला मात्र विराट कोहली एकटा.

"माझ्या ईमेलमध्ये आहे काय चोरण्यासारखं?" यांनी विचारलं.

चोर तुमची पत्रं वाचायला येत नाही. कुठलंतरी फुटकळ संकेतस्थळ फुटतं, तिथले ईमेल आणि पासवर्ड बाजारात येतात. मग यंत्र लावून तीच जोडी हजार दारांना लावून बघतात: हे ईमेलला चालतं का, गेमला चालतं का, खरेदीच्या ॲपला चालतं का. एक पासवर्ड सगळीकडे असला की पहिलं दार उघडलं म्हणजे सगळं घर उघडलं. आणि गेमच्या खात्याला किंमत असते. त्यात महिनोन्‌महिने जमवलेले पोशाख, बंदुकांचे रंग, हुद्दे असतात. पोरं ती खाती विकतात, विकत घेतात, आणि विकणारा पैसे घेऊन मूळ ईमेलवरून तेच खातं परत ओढून घेतो, हेही होतं. यांना सगळ्यात धक्का बसला तो बंदुकीच्या रंगाला पैसे पडतात याचा. "कारखान्यात अख्खी मूर्ती रंगवून देतात की," ते म्हणाले.

शेवटी प्रत्येक खात्याला वेगळा, लांब पासवर्ड ठरला. शब्दांचा शब्दांशी संबंध नसावा म्हणून सासूबाईंनी सुचवलेले तीन शब्द मला फार आवडले होते, पण त्या ते गच्चीवर पापड वाळत घालताना मोठ्याने पाठ करू लागल्या, म्हणून बदलावे लागले. त्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्ड बरोबर असला तरी फोनवर आलेला आकडा दिल्याशिवाय आत सोडायचं नाही. राहता राहिले फोनचे अपडेट. 'अपडेट उपलब्ध आहे' हा निरोप आमच्याकडे कुणी मनावर घेत नसे. मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी होतोय हे 2011 पासून ऐकणाऱ्या घराला, काम सुरू करून ते पुरंही करतात, यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

ओटीपीचा आमच्याकडचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. अठरा वर्षांखालच्या खेळाडूला दिवसाला 3 तासांची मर्यादा आणि पालकांची संमती, असा नियम पबजीने नव्या नावाने परतताना आणला. नियम उत्तम. चिरंजीवांनी पालक म्हणून सासूबाईंचा नंबर दिला. सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे आलेला ओटीपी वाचून दाखवायचं काम अर्थातच नातवाकडे. अर्जदार, साक्षीदार आणि अधिकारी एकाच पाटावर बसले होते. आमच्या कार्यालयात असं व्हाउचर सापडलं असतं तर चौकशी लागली असती. घरात होतं म्हणून नुसता नंबर बदलून माझा घातला.

घरात 'गेम खेळणारा' म्हणजे चिरंजीव, अशी समजूत होती. पण घरात लुडोही होतं. लुडो किंग हा गेम नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीचा, 2016 मधला. पण 2020 च्या टाळेबंदीत तो घराघरांत शिरला. आमच्याकडे तेव्हापासून लुडोचं एक ना एक ॲप कायम आहे. रोह्याहून माझी आई आणि पेणहून सासूबाई रोज दुपारी भांडी आवरली की समोरासमोर बसतात. विहिणी-विहिणींचा हा सामना जगातल्या कुठल्याही युद्धाच्या गेमपेक्षा घनघोर असतो. लग्नात मानपानावरून जे बोलायचं राहून गेलं, ते आता सोंगटी मारताना बोलून होतं. "विहीणबाई, माफ करा हं," असं म्हणत आई सासूबाईंची घराच्या उंबऱ्यावर आलेली सोंगटी मारते, तेव्हा त्या 'माफ करा'त किती वर्षांचं व्याज असतं, ते हिशेब तपासणाऱ्या मलाही सांगता येणार नाही.

तिसरी माझी वहिनी. चौथी जागा रिकामी. खेळाच्या खोलीला एक कोड असतो. तो ज्याला द्याल तोच आत येतो. जागा रिकामी ठेवणं म्हणजे पंगतीत पान वाया घालवणं, असं आईचं मत. तिने तो कोड महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला, तिथून कुणीतरी तो भिशीच्या ग्रुपवर, तिथून आणखी कुठे, ते धावीर महाराजांनाच ठाऊक. कोडाबरोबर आईचा मोबाइल नंबरही गावभर हिंडून आला.

मी तेव्हा पोपटीच्या निमित्ताने रोह्यालाच होते. भाऊ अंगणात मडक्यात भांबुर्डीचा पाला आणि वालाच्या शेंगा रचत होता. आत फोनवर हिरव्या सोंगट्या हलल्या आणि एक गोड आवाज आला.

"हॅलो मॅडम, मैं गेम की कंपनी से बोल रहा हूँ. आपको पाँच लाख कॉइन लगा है."

"कुठचा रे तू?" आईने विचारलं. उत्तर आलं नाही म्हणून ती हिंदीत शिरली. "मतलब, गाव किधर आया तुम्हारा?"

"मॅडम, आपके मोबाइल पे अभी छह नंबर का एक कोड आया होगा, वो..."

"वो आयेगा. पहले तुम बताव, तुम किसका?"

मी उठून फोन काढून घेणार होते. वहिनीने माझा हात धरला. तिला सासूचा अनुभव माझ्यापेक्षा ताजा आहे.

पुढची दहा मिनिटं मी जे ऐकलं, ते सायबर पोलिसांच्या प्रशिक्षणात लावायला हवं. आईने त्याचं गाव काढलं. पेणहून सासूबाई मदतीला धावल्या. "लग्न हुआ क्या तुम्हारा?" नाही झालं. "काय को नहीं हुआ? पगार कितना?" पगार नाही, कमिशन. "फिर कोन देगा लडकी?" दोन मिनिटांत भाऊ किती, शेती किती आणि आईचे गुडघे दुखतात इथपर्यंत गाडी आली. गुडघ्यांसाठी कोणतं तेल लावायचं ते सासूबाईंनी सविस्तर सांगितलं. तो बिचारा मधून मधून "मॅडम, वो कोड..." म्हणत होता, पण निडी स्टेशन गेलं होतं.

"आई को पैसा भेजता क्या हर महिना?" आईने विचारलं.

पलीकडे शांतता. मग पडलेल्या आवाजात, "मॅडम, आपकी बारी है."

आईने फासा टाकला. सहा पडला. तिने त्याची हिरवी सोंगटी मारली, आणि तो खोली सोडून निघून गेला.

आम्ही तिघी हसून हसून लोळलो. दोन्ही म्हाताऱ्यांनी त्याला एक आकडा दिला नव्हता आणि त्याचं घरचं रेशनकार्ड मिळवलं होतं. माझा ऊर भरून आला. मी आईला म्हटलं, "बरं झालं तू तो कोड सांगितला नाहीस."

"सांगणार होते गं," आई म्हणाली. "पण चष्मा सापडेना."

कोड खरोखरच आला होता. आणि तो गेमचा नव्हता, व्हॉट्सॲपचा होता. त्या मुलाने स्वतःच्या फोनवर आईच्या नंबराने व्हॉट्सॲप सुरू करायला घेतलं होतं. सहा आकडे मिळाले असते, की आईचं खातं त्याच्या हातात. मग मंडळातल्या बायकांना आईच्या नावाने निरोप गेला असता, 'अडचण आहे, पाच हजार पाठव.' आणि सगळ्यांनी पाठवले असते, कारण आईने आजवर कुणाकडे कधी काही मागितलेलं नाही. चांगल्या नावाची चोरी हीच सगळ्यात फायद्याची. त्या संध्याकाळी पोपटीच्या मडक्याभोवती बसून वहिनीने आईच्या व्हॉट्सॲपला वेगळा पिन घातला आणि दर खेपेला नवा कोड, तो फक्त फोन करून सांगायचा, असं ठरवलं. त्याच वेळी आईला ब्लॉक, रिपोर्ट आणि म्यूट ही बटणं दाखवली. म्यूट तिला फारच आवडलं. दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंची तक्रार सुरू झाली, की रोह्याकडचं नेटवर्क गेलंय.

या प्रकारातून मला एक गोष्ट पटली. आमच्या चौकशीच्या सवयीत वाईट काहीच नाही, फक्त ती एकतर्फी ठेवायला शिकलं पाहिजे. विचारावं सगळं, सांगावं काही नाही.

चिरंजीवांच्या वाट्याला जे आलं ते मात्र गोड आवाजाने आलं नाही. ते लिंक घालून आलं: फुकट यूसी. यूसी म्हणजे त्या गेममधलं चलन, जे एरवी खरे रुपये देऊन घ्यावं लागतं. लिंक त्यांच्याच टोळीतल्या मित्राच्या खात्यावरून आली होती. ते खातं आदल्या रात्री चोरीला गेलंय, हे त्या मित्रालाही माहीत नव्हतं. लिंक उघडली तर गेमचं हुबेहूब पान: तोच रंग, तीच अक्षरं, 'इथे लॉगिन करा'. सुदैवाने हे कारखान्यात घडलं. चिरंजीवांनी फोन तिथल्या साचेवाल्या काकांना दाखवला, यूसी मिळणार या आनंदात. काकांना गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण मूर्तीवर रबर चढवून साचा उचलणं हा त्यांचा धंदा. दुसऱ्याने मेहनतीने घडवलेल्या मूर्तीचा कुणी गुपचूप साचा उचलला, तर समोरून दोन्ही बाप्पा सारखेच दिसतात, हे ते रोज बघतात. ते म्हणाले, "समोरून काय बघतोस? मागून बघ."

संकेतस्थळाचं 'मागून' म्हणजे त्याचा पत्ता. वरच्या पट्टीत गेमचं नाव होतं खरं, पण एक अक्षर जास्तीचं आणि शेपटीला भलतंच काही. चिरंजीवांनी लॉगिन केलं नाही. त्यांनी मित्राला फोन लावला, दोघांनी मिळून खातं परत मिळवण्याची तक्रार गेमकडे केली. आमच्या घरात दोन गोष्टी ठरल्या. फुकट यूसी देणारा माणूस हा नेहमी तुमच्याच खिशातून देतो. आणि पैसे 'मिळण्यासाठी' क्यूआर स्कॅन करा, यूपीआयचा पिन टाका असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबायचं. पिन लागतो तो पैसे जाण्यासाठी, येण्यासाठी नव्हे.

आता हसणं जरा बाजूला ठेवते. 3 ऑक्टोबर 2025 ला मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयात सायबर जागरूकता महिन्याचं उद्घाटन झालं. तिथे अभिनेता अक्षय कुमारने स्वतःच्या मुलीची हकीकत सांगितली. ती अनोळखी खेळाडूबरोबर ऑनलाइन गेम खेळत होती. समोरून आधी तिच्या खेळाचं कौतुक झालं. मग तू कुठली हा प्रश्न. मग मुलगा की मुलगी. आणि मग नग्न फोटोची मागणी. मुलीने खेळ तिथल्या तिथे बंद केला आणि जाऊन आईला सांगितलं. सातवी ते दहावीच्या मुलांना शाळेत आठवड्याला एक सायबर तास असावा, अशी विनंती अक्षय कुमारने त्याच व्यासपीठावर मुख्यमंत्र्यांना केली.

बातमी वाचताना मला त्या प्रश्नांची चढती भाजणी ओळखीची वाटली आणि अंगावर काटा आला. कौतुक, गाव, मग पुढचं स्टेशन. आमच्या गाडीतल्या बाईही असंच विचारतात. फरक इतकाच, की त्या समोर बसलेल्या असतात, त्यांच्या मांडीवर भाजीची पिशवी असते आणि त्यांना कुठे उतरायचं आहे ते सगळ्या डब्याला माहीत असतं. हेडफोनमधल्या आवाजाला ना पिशवी, ना स्टेशन. तो म्हणतो मी चौदा वर्षांचा. असेल, नाहीतर चाळिशीचा असेल.

दुसरी हकीकत ऑगस्ट 2021 मधली, मुंबईच्या जोगेश्वरीची. सोळा वर्षांच्या मुलाने पबजीपायी आईच्या खात्यातले 10 लाख रुपये घालवले. घरी कळलं, आईवडील रागावले, मुलगा चिठ्ठी लिहून घरातून निघून गेला. पोलिसांनी शोध घेतला, तेव्हा तो अंधेरीच्या महाकाली लेण्यांच्या परिसरात सापडला. आईवडील रागावले यात नवल काय? दहा लाख गेले तर मीही घर डोक्यावर घेतलं असतं. पण या दोन हकीकती शेजारी ठेवल्या की दिसतं: एक मूल धोका दिसताक्षणी आईकडे आलं, दुसरं आईपासून लांब गेलं. मधला फरक पासवर्डचा नाही, ओरडा बसेल या भीतीचा आहे. फसवणाऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. 'घरी सांगितलंस तर बघ' हे त्याचं शेवटचं हत्यार, आणि ते चालतं ते केवळ आपल्या आवाजाच्या जोरावर.

म्हणून घरात एक कलम मी सगळ्यांच्या वर घातलं. खेळात काहीही घडलं, अगदी तुझीच चूक असली, तरी आधी सांगायचं. ओरडण्याचा हक्क मी चोवीस तास राखून ठेवीन. हे कलम पाळणं मला सगळ्यात जड जातं. चोवीस तास न ओरडणं हे रोह्याच्या मुलीला निसर्गाविरुद्ध आहे. पण त्याला कारण आहे. पैशांची फसवणूक झाली तर 1930 या नंबरवर जितक्या लवकर फोन जाईल, तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. पहिला तास ओरडण्यात घालवला, की पैसे तीन खात्यांपलीकडे गेलेले असतात. आधी 1930, मग स्क्रीनशॉट जपणं, मग पोलिसांत तक्रार, आणि उरलेल्या वेळात मनसोक्त ओरडावं.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. चिरंजीवांनी त्यातलं दुसरं कलम तेवढं वाचलं आणि आपण घरात बसून नक्की काय करतो याला आता सरकारी नाव मिळालं, असं जाहीर केलं. ते बारावीत आहेत. निकालाच्या दिवशी हे कलम उपयोगी पडेल असा त्यांचा होरा दिसतो.

चिरंजीव तयार झाले, यांचा पासवर्ड कालनिर्णयवरून उतरला, सासूबाई पापड घालताना आता नुसती आरती म्हणतात. पण खरी पक्की झाली ती आई. इतकी, की मागच्या महिन्यात तिच्या पेन्शनच्या कागदपत्रांसाठी बँकेतून फोन आला, तेव्हा तिने त्या अधिकाऱ्याची गाव, आळी, आडनाव अशी रीतसर झडती घेतली. तो निघाला रोह्याचाच. त्याची आजी आणि माझी आई एका वर्गात होत्या. आजीच्या खोकल्याची विचारपूस झाली. मुलगा खुलला. "मग आजी, जरा आधारचा नंबर सांगता का?" म्हणाला.

"अरे बाळा," आई म्हणाली, "रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. त्यांचं बालपण याच रोह्यात गेलं. बँक कशी चालते ते तू आम्हाला शिकवू नकोस. बँक फोनवर नंबर विचारत नाही."

"आजी, पण मी खरंच बँकेतून बोलतोय. तुम्ही ओळखलंत ना मला?"

"ओळखलं की. तुझ्या बारशाला जेवले होते मी. उद्या अकरा वाजता शाखेत येते, कागद तिथे दाखवीन. आणि येताना आजीसाठी काढा आणते, तो टेबलावर ठेवशील, कुणाला पासवर्ड सांगू नकोस आणि दुपारी लुडो खेळत असशील तर कोड ग्रुपवर टाकू नकोस."